बिनकामाची हिरवळ

रस्त्याच्या दुभाजकात हिरवळ लावायची, तिला रोज पाणी घालायचे, दर आठवड्याला माळी पाठवून ती कापायची आणि तिच्यावर कोणी पाऊलसुद्धा ठेवणार नाही याची व्यवस्था दोन्ही बाजूंच्या भरधाव गाड्यांवर सोपवायची. वर्षाला जेमतेम चार इंच पाऊस पडणाऱ्या लास व्हेगासमध्ये हे कित्येक दशके चालले होते. दुभाजकात, ऑफिसांच्या दारात, वाहनतळांच्या कडेने, सोसायट्यांच्या कमानींपाशी, जिथे म्हणून मोकळी जमीन दिसेल तिथे गवत. पहाटे स्प्रिंकलर सुरू होत, थोडे पाणी गवतावर पडे, थोडे वाऱ्याने उडून डांबरावर जाई आणि गटाराच्या कडेने वाहत राही.

जून २०२१ मध्ये नेव्हाडा राज्याने या गवताविरुद्ध कायदाच केला. २०२६ संपले की दक्षिण नेव्हाडात असल्या शोभेच्या हिरवळीला कोलोरॅडो नदीचे पाणी घालता येणार नाही. एकट्या कुटुंबाच्या घरापुढचे अंगण या कायद्यातून वगळले आहे; रोख आहे तो मोठ्या जागांवर. कायद्याच्या भाषेत तिला जे म्हणतात त्याचे सरळ मराठी ‘बिनकामाची हिरवळ’ असे होईल. ओळखायची खूण तिथले पाणीवाले अधिकारी गमतीने सांगतात: जिच्यावर फक्त ती कापणाराच चालतो, ती.

आपल्याकडे पाणी वाचवा म्हटले की आंघोळीची बादली आणि दात घासताना बंद करायचा नळ आठवतो. लास व्हेगासने ही वाट जवळपास सोडूनच दिली, आणि ती का सोडली यातच या सगळ्या कार्यक्रमाचे मर्म आहे. त्यासाठी आधी नदीचा हिशेब पाहावा लागतो.

कोलोरॅडोच्या पाण्याची वाटणी १९२२ च्या करारात आणि १९२८ च्या कायद्यात झाली. अमेरिकेत हे पाणी एकर-फुटांत मोजतात. आपल्या सोयीसाठी टीएमसी करून घेऊ. नदीच्या खालच्या भागातील तीन राज्यांपैकी कॅलिफोर्नियाच्या पदरात वर्षाला सुमारे १९२ टीएमसी पडले, ॲरिझोनाच्या १२२ आणि नेव्हाडाच्या फक्त १३. पुण्याजवळचे एकटे वरसगाव धरण जवळपास तेवढे पाणी साठवते. त्या काळी ही वाटणी कोणाला फारशी खटकली नाही. १९३० च्या जनगणनेत लास व्हेगासची वस्ती पाच हजारांच्या आसपास होती, शेती नगण्य होती आणि गावाची तहान तिथलेच झरे भागवत होते. पुढे उपसा इतका वाढला की १९६२ मध्ये ते झरे वाहायचे थांबले. आज त्या खोऱ्यात वीस लाखांहून अधिक माणसे राहतात, वर्षाला चारएक कोटी पाहुणे येऊन जातात, आणि जवळजवळ ९० टक्के पाणी कोलोरॅडोचे असते. वाटा मात्र तेवढाच, १३ टीएमसी.

हे पाणी हूव्हर धरणामागच्या लेक मीड जलाशयातून उचलले जाते. जलाशय अवाढव्य आहे. तो काठोकाठ भरला तर त्यात दहा-अकरा कोयना मावतील. पण उचलण्याच्या हिशेबात एक खुबी आहे. जेवढे पाणी शुद्ध करून जलाशयात परत सोडाल, तेवढे वाट्याबाहेर पुन्हा उचलायची मुभा आहे. खोऱ्यातले मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांतून ‘लास व्हेगास वॉश’ नावाच्या ओढ्यात जाते आणि ओढा ते लेक मीडमध्ये नेतो. घरातले, हॉटेलातले, इस्पितळातले जवळजवळ सगळे पाणी असे परत पोहोचते. शॉवरखाली तासभर उभे राहिलात तर वीज जळेल, बिल वाढेल, पण नदीच्या खात्यात खर्च फारसा पडणार नाही.

गवताला घातलेले पाणी मात्र परत येत नाही. ते हवेत उडून जाते.

म्हणून तिथे खरा खर्च एकच, घराबाहेरचा. एकूण वापरातला सुमारे ६० टक्के हिस्सा बाहेरचा होता आणि त्यातला मोठा भाग हिरवळीचा. ज्या झगमगाटाला जग नावे ठेवते, तो ‘स्ट्रिप’ या मुख्य रस्त्यावरच्या कॅसिनोंचा भाग या खात्यात मोजक्याच टक्क्यांचा निघतो. बेलाजिओ हॉटेलचे प्रसिद्ध कारंजे तर नदीच्या पाण्यावर चालतही नाही. त्या जागी पूर्वी ड्यून्स हॉटेलचे गोल्फ मैदान होते, त्याच्या विहिरीचे पाणी कारंज्याला वापरतात. कारंजे डोळ्यांवर येते, म्हणून त्याच्यावर बोट ठेवणे सोपे जाते. ऑफिसच्या दारातली हिरवळ डोळ्यांना सुखावते, म्हणून तिच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही.

हिरवळ नेमके किती पिते हे मोजायला तिथल्या जल प्राधिकरणाने वेगळे मीटर बसवून अनेक वर्षे अभ्यास केला. २००५ मध्ये त्याचा अहवाल आला. एक चौरस फूट हिरवळीवर वर्षाला सरासरी ७३ गॅलन, म्हणजे सुमारे २७६ लिटर पाणी घातले जात होते. त्याच जागेत कमी पाण्याची झाडे लावून ठिबक केले तर १७ गॅलन, सुमारे ६५ लिटर पुरत होते. बचत दर चौरस फुटाला २११ लिटरची.

या आकड्याला थोडा वेळ द्यायला हवा. चौरस फुटावर ७३ गॅलन ओतले तर पाण्याची उंची पावणेदहा फूट भरते. मिलिमीटरमध्ये ती जवळपास तीन हजार होते, म्हणजे कोकणात एका पावसाळ्यात पडतो तेवढा पाऊस. वाळवंटातल्या प्रत्येक दुभाजकावर हे लोक नळाने कोकणचा पावसाळा पाडत होते. यात गवताची गरज होती तशी हातचा सैलपणाही होता; स्प्रिंकलरचे घड्याळ जुलैसाठी एकदा लावले की ऑक्टोबरातही तेच चालू राहायचे.

प्राधिकरण स्थापन झाले १९९१ मध्ये. त्याआधी खोऱ्यातल्या नगरपालिका आणि पाणीसंस्था आपापल्या वाट्यासाठी एकमेकींशी भांडत. आज जास्त वापरले तर उद्या हक्क जास्त, असा तो खेळ होता आणि त्यात काटकसर करणारा मूर्ख ठरे. पॅट मुलरॉय या खमक्या बाईंच्या पुढाकाराने सात संस्था एकत्र आल्या, वाटे एका खात्यात जमा झाले, आणि मगच बचतीला अर्थ आला. मला या कहाणीतला हा भाग गवतापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. स्वतंत्र खात्यांत कोणीही पाणी वाचवत नाही. वाचवलेले शेजाऱ्याच्या घशात जाते.

गवत काढणाऱ्याला पैसे देण्याची योजना १९९९ पासून चालू आहे. २००२ मध्ये कोलोरॅडोला सरासरीच्या अवघे पाव पाणी आले, नेव्हाडाचा वापर वाट्याबाहेर गेला आणि सगळ्यांची झोप उडाली. पुढच्याच वर्षी अनुदान चौरस फुटाला एक डॉलर झाले आणि नव्या घरांच्या पुढच्या अंगणात हिरवळ लावायला बंदी आली. पुढे दर वाढत गेला. २०२४ मध्ये घरमालकांना तो ५ डॉलरपर्यंत मिळत होता. हजार चौरस फूट गवत काढले की पाच हजार डॉलर.

पैसे वाटायचे म्हटले की पळवाटा निघणारच, आणि योजनेचे नियम वाचताना त्या कुठे कुठे निघाल्या असतील याचा अंदाज येतो. अर्ज आधी, गवत नंतर. आधीच उपटून टाकलेत तर दमडी मिळत नाही. माणूस येऊन जागा मोजतो. नुसती खडी पसरून भागत नाही. झाडे पूर्ण वाढल्यावर किमान निम्मी जागा त्यांच्या विस्ताराखाली आली पाहिजे, आणि कोणत्या झाडाचा विस्तार किती धरायचा याची छापील यादी आहे. ठिबकला फिल्टर हवा, दाब नियंत्रक हवा. मातीवर आच्छादन हवे, पण पाणी आणि हवा जाईल असे. खाली प्लास्टिकचा कागद चालत नाही. पुन्हा गवत लावणार नाही असेही लिहून द्यावे लागते. खोऱ्यातली हिरवळ विमानातून घेतलेल्या चित्रांवरून मोजलेली असते, त्यामुळे गुपचूप काही करायची सोय कमीच.

त्या झाडांच्या यादीत मराठी वाचकाला ओळखीचे चेहरे भेटतात. घायपात आहे, कण्हेर आहे. मेस्किट म्हणून जे सावलीचे झाड तिथे मोठ्या प्रेमाने लावतात, ते आपल्या वेड्या बाभळीचे सख्खे भावंड. आणि आपल्याकडे वनखाते जिच्या मुळावर उठले आहे ती घाणेरी तिथल्या बागांतून रंगीत फुलांसाठी ठिबकवर वाढवतात. गवतातही असाच एक परिचित निघतो. मैदानांवरचे ‘बर्म्युडा’ गवत म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहायची दूर्वा तीच. थंड हवामानातल्या फेस्क्यू गवताच्या मानाने तिला पाणी बरेच कमी लागते, म्हणून खेळाची मैदाने राखायची तिथेही फेस्क्यू काढून हरळी लावण्यावर भर असतो.

पैशाने खूप काम झाले. पंचवीसेक वर्षांत वीस कोटी चौरस फुटांहून अधिक हिरवळ निघाली. पण मोठ्या जागांपाशी गाडे अडले. घरमालकाचे तसे सोपे असते: बिल त्याचे, अंगण त्याचे, निर्णय त्याचा. तीनशे घरांच्या सोसायटीत पाणीपट्टी वर्गणीत विरून जाते, निर्णय समितीचा, समिती दर दोन वर्षांनी नवी, आणि बाग सांभाळायचे कंत्राट ज्याला दिले आहे त्याचा धंदाच गवत कापण्याचा. प्रवेशद्वाराची हिरवळ गेली तर घरांची किंमत पडेल अशी एका सभासदाची धास्ती सगळा ठराव बारगळवायला पुरते. ऑफिसांच्या इमारतींत तर मालक परगावी, भाडेकरू बिल भरतो, आणि गवताबद्दल विचारायचे कोणाला हेच कळत नाही. आपल्याकडच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला जो एकदा तरी शेवटपर्यंत बसला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

म्हणून कायदा. प्राधिकरणाने अंदाज काढला तेव्हा असली शोभेची हिरवळ ३,९०० एकर भरली, म्हणजे सुमारे १७ कोटी चौरस फूट. तिला अभ्यासातल्या बचतीने गुणा: वर्षाला साडेनऊ अब्ज गॅलन, सव्वा टीएमसीच्या वर. राज्याच्या वाट्याचा जवळपास दहावा हिस्सा, आणि तोही ज्याचा कोणाला काही उपयोग नव्हता असा. विधिमंडळात बिल्डर, पाणीवाले आणि पर्यावरणवाले अशा विषयावर एका बाजूला बसण्याचा योग क्वचित येतो. इथे तो आला, कारण बिल्डरांना नव्या घरांसाठी पाणी हवे होते.

मग प्रश्न उभा राहिला कामाचे गवत कोणते. शाळा, मैदाने, उद्याने, दफनभूमी यांचे ठरवणे अवघड नव्हते. बाकीच्यासाठी सल्लागार समिती बसली आणि तिने हिरवळीचे प्रकार पाडले: खेळाचे गवत, मुलांच्या बागेचे गवत, इमारतीतल्या रहिवाशांच्या वापराचे गवत. कुत्र्यांच्या विधींसाठीच्या गवतालाही तिने रीतसर वेगळा वर्ग दिला. हसू येते, पण व्याख्या इतकी बारकाईने केली नाही तर प्रत्येक दुभाजक उद्या ‘उद्यान’ होऊन बसेल. ज्यांनी आरक्षणाच्या जागांचे असे नामांतर पाहिले आहे, त्यांना समितीचा हा किचकटपणा पटेल.

कायद्याच्या जोडीला बडगाही आहे. हिवाळ्यात आठवड्यातून एक दिवस पाणी, वसंतात आणि शरदात तीन, उन्हाळ्यात रविवार सोडून सहा. भर उन्हाळ्यात सकाळी अकरा ते संध्याकाळी सात स्प्रिंकलर बंद. प्राधिकरणाच्या सदस्य संस्थांचे निरीक्षक गाडीतून गस्त घालतात. फुटपाथवरून पाण्याचा ओहोळ दिसला की गाडी थांबवून कॅमेरा काढतात, तारीख-वेळ बोलत चित्रण करतात, ओहोळाच्या मागे मागे जाऊन फुटलेले नोझल शोधतात. आधी समज देतात. पुन्हा सापडलात तर ८० डॉलर, मग दर वेळी दुप्पट.

गोल्फ मैदाने वाचली, पण फुकट नाही. त्यांना एकराला ठरलेला कोटा आहे आणि तो कमी होत गेला आहे. नव्या गोल्फ मैदानांना नदीचे पाणी मिळत नाही. इथेच एक गोष्ट आपल्या सवयीच्या विरुद्ध जाते. गोल्फ मैदाने शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर चालवा, असा सल्ला आपण कुठेही बिनदिक्कत देऊ. लास व्हेगासमध्ये त्याने काहीच वाचत नाही. ते सांडपाणी गवताला घातले नसते तर ओढ्याने जलाशयात गेले असते आणि त्याच्या बदल्यात तेवढेच चांगले पाणी उचलता आले असते. गवतावर टाकले की तो हक्क गेला. पाणी पुनर्वापराचे की ताजे, याने गवताला फरक पडत नाही आणि नदीच्या खात्यालाही नाही.

हा हिशेब ठिकाणागणिक बदलतो, आणि तो न बदलता उचलणे धोक्याचे. मुंबईचे मैलापाणी शेवटी समुद्राला मिळते. ते शुद्ध करून बागांना घातले तर तेवढे धरणाचे पाणी निव्वळ वाचेल. पुण्याचे तसे नाही. मुळा-मुठेतून खाली गेलेले पाणी पुढे भीमेला आणि उजनीला मिळते, वाटेत दौंड-इंदापूरची शेती त्यावर डोळा ठेवून असते. पुण्यातल्या सोसायटीने आपले सांडपाणी लॉनवर उडवले तर पुण्याची टँकरची गरज कमी होईल, पण खालच्या माणसाच्या दृष्टीने ते पाणी गेलेच. दोन्ही शहरांत फलक एकच लागतो: पुनर्वापर करा. अर्थ एक नाही.

लास व्हेगासच्या कार्यक्रमावर टीका कमी नाही, आणि एक टीका जिव्हारी लागणारी आहे. हिरवळीत उभी असलेली मोठी झाडे इतकी वर्षे गवताच्या पाण्यावर पोसली गेली होती. मुळे वरच्या वरच, कारण पाणी वरच होते. गवताचे पाणी तोडले आणि झाडाला वेगळे ठिबक दिले नाही, किंवा खोडापाशी दोन थेंबक टाकून काम उरकले, की झाड दोन-तीन उन्हाळ्यांत वाळते. थेंबक खोडापासून दूर, फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्या बाहेर पसरून लावावे लागतात, झाड वाढेल तसे सरकवावे लागतात, आणि गवत काढण्याआधीच झाडाला या नव्या पाण्याची सवय लावावी लागते. कंत्राटदार हे करतोच असे नाही. अमेरिकेत झपाट्याने तापणाऱ्या शहरांत लास व्हेगासचे नाव वर असते. तिथे ४५ अंशांच्या दुपारी एका जुन्या झाडाची सावली जाणे ही चैनीची हानी नव्हे. पाण्याचे खाते जुळले आणि उन्हाचे बिघडले, असे काही वस्त्यांत झाले आहे. आता झाडांवर जास्त भर दिला जातो, पण वीस वर्षांची सावली अनुदानाने विकत मिळत नाही.

दुसरी टीका अशी की वाचलेले पाणी नदीत राहत नाही, नव्या वसाहतींना जाते. गवत काढून बिल्डरांची सोय केली. यात तथ्य आहे. पण आकडे पूर्ण पाहिले तर चित्र एवढे वाईटही नाही. २००२ च्या मानाने २०२१ मध्ये खोऱ्यात साडेसात लाख माणसे जास्त होती आणि नदीचा खर्च सुमारे साडेतीन टीएमसीने कमी. २०२३ मध्ये १३ टीएमसीच्या वाट्यातले सव्वाआठच्या आसपासच खर्ची पडले. म्हणजे वाढीने सगळे गिळले नाही. मोठा भाग खरोखर जलाशयात राहिला.

आणि जलाशयाला त्याची गरज होती. जुलै २०२२ मध्ये लेक मीड २७ टक्क्यांवर आला. त्या वर्षीच्या वसंतात सर्वांत जुना पाणी उचलण्याचा बोगदा उघडा पडला; काठ मागे सरकल्यावर गाळात रुतलेले एक पिंप मिळाले आणि त्यात काही दशकांपूर्वी गोळी घालून मारलेल्या माणसाचा सांगाडा. जगभरच्या वर्तमानपत्रांनी पिंपाची बातमी छापली. लास व्हेगासच्या नळाला मात्र त्या दिवशी काही झाले नाही, कारण तळाजवळून पाणी उचलणारा तिसरा बोगदा २०१५ मध्ये आणि त्याचे पंपगृह २०२० मध्ये तयार झाले होते. त्यावर सव्वा अब्ज डॉलरहून अधिक खर्च आला. या आकड्यापुढे गवत काढायला दिलेले डॉलर महाग वाटत नाहीत.

२०२३ मध्ये राज्याने आणखी एक पाऊल टाकले: फारच टंचाई झाली तर प्रत्येक घराला वर्षाला अर्धा एकर-फूट, सुमारे सव्वासहा लाख लिटर, एवढीच मर्यादा घालण्याचा अधिकार प्राधिकरणाला दिला. मोठ्या बागांच्या श्रीमंत घरांनाच ती जाचेल. साधे घर तेवढे पाणी वापरतही नाही.

२०२६ च्या अखेरीला दोन मुदती एकाच वेळी भरतात. शोभेच्या हिरवळीचे पाणी त्या दिवशी बंद व्हायचे आहे, आणि टंचाईत कोलोरॅडोचे पाणी कोणी किती सोडायचे हे सांगणारे २००७ चे नियमही त्याच दिवशी संपतात. त्यांच्या जागी काय यावे यावर नदीच्या पाण्यात वाटा असलेल्या सातही राज्यांची घासाघीस आहे, आणि कपातीचा विषय निघाला की कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनाचे डोळे एकमेकांच्या शेतांवर असतात. नेव्हाडाकडे सोडायला शेते नाहीत. दुभाजकातले गवत होते, ते त्याने आधीच काढायला घेतले आहे.